बेताची बिअर

महाराष्ट्रात बिअर प्रामुख्याने तीन मापांत मिळते: ३३० मिलिलिटरचा पिंट, ५०० मिलिलिटरचा कॅन आणि ६५० मिलिलिटरची मोठी बाटली. परमिट रूममध्ये नुसते ‘एक बिअर’ म्हटले की समोर येते ती मोठी. वेटर एवढेच विचारतो, ‘माइल्ड की स्ट्राँग?’ आणि ‘आज लवकर जायचंय, एकच घेणार’ असे बजावून बसलेला गृहस्थ खालच्या आवाजात ‘स्ट्राँग’ म्हणतो. बेताने पिणाऱ्याच्या निम्म्या अडचणी इथेच, बूच उघडण्याआधी, सुरू झालेल्या असतात.

माइल्ड बिअरमध्ये आकारमानाने ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते, स्ट्राँगमध्ये ८ टक्क्यांपर्यंत. हा आकडा लेबलवर छापलेला असतो, पण बाटलीवरचे दव अंगठ्याने पुसून आणि कपाळावरचा चष्मा खाली घेऊनच तो वाचता येतो. ६५० मिलिलिटरचे ८ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर. वजनात सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये ते साधारण २० ग्रॅम भरते. म्हणजे एक मोठी स्ट्राँग बिअर दोन लार्ज पेगांच्या बरोबरीची झाली. तरीही ‘मी फक्त बिअर घेतो, दारू नाही’ हे वाक्य आपल्याकडे निर्व्यसनीपणाचा दाखला म्हणून चालते. स्थळे बघताना तर ते विशेष उपयोगी पडते. ‘मुलगा कधीतरी मित्रांबरोबर बिअर घेतो, बाकी सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही,’ असे मुलाची मावशी सांगते आणि मुलीकडचे समाधान पावतात. त्यांनी बाटलीचे माप विचारल्याचे ऐकिवात नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ साली. तेव्हापासून मराठी घरांना पहिल्या प्याल्याची धास्ती आहे. प्याला केवढा, हा मुद्दा मात्र कोणी लावून धरलेला नाही.

बेत म्हणजे नेमका किती, यावर जगभरच्या जाणत्यांचे एकमत नाही. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम अल्कोहोलला एक युनिट म्हणतात आणि २०१६ पासून तिथला सरकारी सल्ला स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिटांच्या आत राहण्याचा आहे. आपल्या मोठ्या स्ट्राँग बाटलीत अशी पाचांहून थोडी जास्त युनिटे मावतात, त्यामुळे तिसरी बाटली संपण्याआधीच आठवडा संपतो. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचे धरतात; तिथे बरीच वर्षे पुरुषांना दिवसाला दोन आणि स्त्रियांना एक असे सांगितले जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सगळ्यांवर कडी केली आणि अल्कोहोलचे कोणतेच प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही असे जाहीर केले. पिणारा माणूस यांतला अमेरिकन सल्ला उचलतो, दिवसाची दोन ड्रिंक सातांनी गुणतो आणि येणारी चौदाच्या चौदा शनिवारी रात्री वापरतो. गुणाकार बरोबर असतो. पण सरकारी नोकरीतली अर्जित रजा साठवता येते, तशी सोय यकृतात नाही. ते आपल्या चालीने, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. लिंबू चोखल्याने, काळी कॉफी ढोसल्याने किंवा डोक्यावर गार पाणी ओतल्याने त्याचा वेग वाढत नाही. रात्री दहाला संपवलेली एक स्ट्राँग बाटली उतरायला मध्यरात्र उलटून जाते. तीन बाटल्या घेतलेला माणूस सकाळी नऊला कचेरीत ‘आता एकदम फ्रेश’ म्हणत असतो, तेव्हाही त्याचे यकृत आदल्या रात्रीच्या पाळीवरच असते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच बिअरने रक्तातले अल्कोहोल जास्त चढते.

एवढे कळूनही पिंट मागवला जात नाही, याचे कारण चव किंवा तलफ नाही. कारण मेनूकार्डाच्या उजव्या रकान्यात असते. पिंट मोठ्या बाटलीच्या निम्म्या मापाचा असतो, पण निम्म्या किमतीला क्वचितच मिळतो. मिलिलिटरमागे चार पैसे जास्त मोजून कमी प्यायचे, हे मराठी मध्यमवर्गीय मनाला पटणे कठीण आहे. जो माणूस टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटून वापरतो, त्याला ‘अर्धी बाटली तशीच ठेव’ असे सांगणे हा अपमान आहे. शिवाय बिअर झाकून ठेवता येत नाही. वायू निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी उरते ते एखाद्या काढ्यासारखे लागते. म्हणून मोठी उघडली की ती संपवावीच लागते, आणि नागपूर-जळगावकडच्या मे महिन्यात ती लवकर संपवावी लागते, कारण गरम झालेली बिअर कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. थंडपणाचाही अतिरेक आहेच. अतिथंड पेयाची चव जिभेला धड कळत नाही. हलकी लागर बिअर ४ ते ७ अंश सेल्सिअसला चांगली लागते. आपल्याकडे मात्र बाटलीतली बिअर जवळजवळ गोठली की ती ‘एकदम चिल्ड’ होते आणि ग्लासात पडताच घाईघाईने पोटात जाते. मग चवीसाठी पितो म्हणणाऱ्याने चव कोणत्या क्षणी घेतली, हे कळायला मार्ग राहत नाही.

यावर जुना आणि चालणारा उपाय म्हणजे दोघांत एक मोठी माइल्ड. प्रत्येकाच्या वाट्याला ३२५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पिंट, तोही मोठ्या बाटलीच्या भावात, आणि गरम व्हायच्या आत संपणारा. अल्कोहोल माणशी १३ ग्रॅमच्या आसपास. ग्लास तिरका धरून, कडेने ओतून, वर दोन बोटे फेस राहू द्यावा. सुगंध फेसातून येतो आणि थेट बाटलीला तोंड लावणाऱ्याला तो मिळत नाही. या उपायात एकच कच्चा दुवा आहे. बाटली दोघांत समान वाटली गेली नाही अशी शंका दोघांपैकी एकाला येतेच, आणि न्यायासाठी दुसरी मागवली जाते.

चखण्याचा विषय स्वतंत्र आहे. परमिट रूममध्ये बसताक्षणी न मागता येणारे खारे शेंगदाणे, उकडलेले चणे, मीठ-तिखट भुरभुरलेल्या काकडीच्या चकत्या आणि तळलेली मूगडाळ यांचे बिल लागत नाही. बारमालक धर्मादाय संस्था चालवत नसतो. मीठ तहान लावते, आणि तहान लागलेल्या माणसाच्या हाताशी पाण्यापेक्षा बिअर जवळ असते. त्यात भर म्हणजे पाणी मूत्रावाटे वाया जाऊ नये म्हणून शरीर जे संप्रेरक स्रवते, त्याला अल्कोहोल अडवते. त्यामुळे बिअर पिणारा एरवीपेक्षा जास्त पाणी बाहेर टाकू लागतो आणि वॉशरूमहून परतल्यावर पुन्हा तहानलेलाच असतो. दर ग्लासामागे एक ग्लास साधे पाणी प्यायले तर हे चक्र बरेच मोडते. याहून गुणकारी म्हणजे जेवण लवकर मागवणे. पोटात अन्न असले की अल्कोहोल आतड्यात सावकाश उतरते आणि रक्तात हळू मिसळते. पण ‘जेवण सांगू का?’ हा वेटरचा प्रश्न प्रत्येक टेबलावर ‘थांब रे, घाई आहे का?’ असा परतवला जातो. भाकरी समोर आली की पिणे थांबते, हे टेबलावरच्या सगळ्यांना अनुभवाने ठाऊक असते, म्हणूनच ती शेवटच्या ऑर्डरपर्यंत रोखून धरलेली असते.

रिकाम्या बाटल्यांचे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी वेटर त्या उचलून नेत नाही. टेबलाखाली, भिंतीच्या कडेला उभ्या करतो. बिल करताना खाली वाकून मोजायला त्या सोयीच्या पडतात. पिणाऱ्यालाही ती सोय आपसूकच होते, कारण टेबलावर प्रत्येक वेळी एकच बाटली दिसते. बेत सांभाळायचा असेल तर रिकाम्या बाटल्या टेबलावरच, आपल्या डोळ्यांपुढे ठेवायला सांगाव्यात. वेटर तक्रार करीत नाही. तक्रार मित्र करतात, कारण त्यांनाही आपापल्या दिसू लागतात.

मित्र हा बेताचा सर्वांत प्रेमळ शत्रू. एकाने ‘बस, माझं झालं’ म्हटले की उरलेल्या तिघांच्या पिण्यावर आपोआप टीका झाल्यासारखे होते, आणि ती टीका मागे घ्यायला लावण्यासाठी ‘अरे, माझ्यासाठी एक’ ही योजना असते. नकार द्यायचा तर कारण वैद्यकीय असावे लागते. ‘मला आता नको’ हे कारण धरले जात नाही. ‘गोळ्या चालू आहेत’ लगेच धरले जाते. बिलाची रीत या प्रेमाला हातभार लावते. ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझं तू, माझं मी, असे ठरलेले असले तर एक बिअर पिणारा एकाच बिअरचे पैसे देतो आणि सुखरूप घरी जातो. पण हिशेबाचा कंटाळा येऊन बिल चौघांत सारखे वाटले, तर एकवाला तीनवाल्याचा देणगीदार ठरतो. पुढच्या वेळी तो वसुलीच्या भावनेने बसतो. संयमाचे पैसे परत मिळवायचे तर असंयमाखेरीज दुसरा मार्ग त्याला दिसत नाही, आणि अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर त्याचे काही चुकत नाही.

या सगळ्यावर महाराष्ट्राने पुस्तकी सल्ल्यांच्या कितीतरी आधी काढलेला तोडगा म्हणजे वार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. ‘आज माझा वार आहे’ एवढ्या तीन-चार शब्दांपुढे कोणताही मित्र आग्रह करीत नाही. डॉक्टरांच्या सांगण्याला जी प्रतिष्ठा नाही, ती मारुतीच्या वाराला आहे. एकट्या माणसाचे सगळे वार नसतात, पण चौघांचे टोळके असले की मिळून बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच मोकळे राहतात. ब्रिटिश सल्ल्यातही, आठवड्याची १४ युनिटे घ्यायचीच असतील तर ती तीन किंवा अधिक दिवसांत विभागून घ्यावीत, असे म्हटले आहे. त्यांना त्यासाठी समिती नेमावी लागली. वारात दोष आहे तो घड्याळाचा. सोमवार रात्री बारा वाजता संपतो असे मानणारा एक पंथ आहे, आणि तो पावणेबारापासूनच टेबल अडवून बसतो.

वाराचे मोठे रूप म्हणजे श्रावण. महिनाभर मांस-मच्छी आणि बाटली दोन्ही बंद, आणि कित्येक घरांत हा नेम गणपती जाईपर्यंत लांबतो. सलग इतका काळ न पिणे यकृताला मानवतेच. फक्त त्याच्या आदल्या दिवशी, आषाढ अमावास्येला, घरात दिव्यांची पूजा आणि बाहेर गटारी असते. पुढे महिनाभर जे प्यायचे नाही ते एका रात्रीत उरकण्याचा तो प्रयत्न असतो. सरकारी ड्राय डेचीही तीच गत. २ ऑक्टोबरला दुकान बंद म्हणून १ तारखेच्या संध्याकाळी बिअर शॉपीपुढे रांग लागते, आणि एरवी एक घेणारा ‘असू दे, उद्या बंद आहे’ म्हणून दोन घेतो. गांधीजयंतीमुळे त्याचा खप दुप्पट झाला, हे त्याच्या लक्षात येत नाही. गोव्यात याच्या उलट घडते. तिथे बंदीची भीती फारशी नसते, बिअर महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त असते, आणि प्रत्येक बाटलीमागे पैसे वाचत असल्याने जितकी जास्त प्यावी तितकी बचत वाढत जाते.

कायद्याच्या बाजूने सांगण्यासारखे थोडेच आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचाही परवाना निघतो. वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असेल तर पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सत्तर किलोच्या माणसाने एक मोठी माइल्ड तासाभरात घेतली तरी ही रेघ ओलांडली जाऊ शकते. तेव्हा गाडीची किल्ली खिशात असताना बेताची बिअर म्हणजे शून्य बिअर, असे गणितच सांगते. ज्यांची पहिली बाटली कधीच शेवटची ठरत नाही, त्यांनाही या लेखातल्या युक्त्यांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्तीच्या जागा आहेत. तिथे मापाचा प्रश्न येत नाही. तिथे बंदच करायची असते.

उरलेल्यांसाठी आणखी दोन वाटा आहेत. पहिली शँडी: अर्धी माइल्ड, अर्धा लेमन सोडा. यात अल्कोहोल निम्म्यावर येते, उन्हाळ्यात ती खरोखर छान लागते, आणि तिला ‘बायकी’ म्हणणारे लोक स्वतः व्हिस्कीत कोला ओततात. दुसरी वाट म्हणजे अल्कोहोल काढून टाकलेली, ‘झिरो पॉइंट झिरो’ची बाटली. फेस आहे, कडवटपणा आहे, घशाशी येणारी झिणझिण आहे, आणि प्यायल्यावर माणूस जसाच्या तसा राहतो, जे बऱ्याच जणांना खटकते. ती वाराच्या दिवशी चालते की नाही, यावर मतभेद आहेत. तरुण मंडळी लेबलावरचा शून्य दाखवतात. घरातल्या आजीचे म्हणणे असते की वास येतोय तोवर ती बिअरच, आणि शनिवारी मारुतीपुढे लेबल वाचून दाखवायला कोण जाणार आहे?