अधिक मासातील एक पंचनामा

अधिक ज्येष्ठात जावई हा साक्षात विष्णुस्वरूप मानला जातो, आणि गरुडाचा वेग जरा आवरता घ्यावा अशी विनंती विष्णूला कोणी केल्याचे आपल्या पुराणांत कोठेही नमूद नसल्यामुळे, नागपुरास धोंड्याचे जेवण जेवून व तेहेतीस अनारशांचे वाण स्वीकारून आमचे भाचेजावई नाशिकास परतावयास निघाले तेव्हा, त्यांच्या मोटारीतील आम्हां मंडळींपैकी एकाच्याही मुखातून हरकतीचा शब्द निघण्याचा संभव नव्हता. पुढच्या आसनावर जावईबापूंच्या शेजारी आमचे थोरले बंधू अण्णा, जे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असले तरी कचेरी अद्याप त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. मागे आमची ताई, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई, त्यांची कन्या आणि मी. आणि आमच्याही मागे, डिकीत, पन्नास किलो गव्हाचे पोते, वीस किलो तूरडाळ, कुरडया-पापडांचे डबे व ‘एवढंसंच आहे’ या सदराखाली शेवटच्या क्षणी आत लोटलेली एक पितळी घागर, असा एकंदर सरंजाम होता.

नागपूरच्या वेशीवरील शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर पसरलेला समृद्धी महामार्ग हा मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा घेण्यासाठीच बांधला असावा, अशी शंका मला प्रथमदर्शनीच आली. सिमेंटची ती रुंद, सरळ वाट डोळ्यांसमोर इतकी मोकळी पडलेली असते की, मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा सांगणारा फलक हा जावईबापूंसारख्या कर्तबगार पुरुषास निव्वळ प्रास्ताविक वाटतो. त्यांचा काटा १४० च्या आसपास स्थिरावला. पुढे कोणी वाहन दिसले की त्यास डिपर द्यावयाचा, ते न हटल्यास त्याच्या पाठीशी चिकटून करकचून ब्रेक दाबावयाचा, आणि तरीही ते न हटल्यास डाव्या बाजूने कट मारून पुढे जावयाचे, असा त्यांचा त्रिसूत्री कार्यक्रम होता. कारंज्याच्या अलीकडे एका मालट्रकास त्यांनी असा कट मारला की, ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून काहीएक अभिप्राय व्यक्त केला. काचा बंद असल्यामुळे तो आमच्यापर्यंत पोहोचला नाही, हे अधिक मासाचे पुण्य होय.

“जावईबापू, आज ऊन फार आहे, नाही?” ताई एवढेच म्हणाली. सासूच्या शब्दकोशात ‘गाडी हळू चालवा’ याचा यापेक्षा स्पष्ट पर्याय नाही.

“चिंता नको, आई,” जावईबापू उत्तरले, “टायरमध्ये नायट्रोजन आहे. शिवाय उन्हाळा म्हणून मुद्दाम हवा कमीच ठेवली आहे. सव्वीसच. तापल्यावर फुगायला जागा नको?”

हवेतच मुळी ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि उरलेले ऑक्सिजनादि वायू पैसे देऊन काढविले तरी कमी भरलेला नायट्रोजन हा कमीच राहतो, हे शास्त्र त्या प्रसंगी कोणी काढले नाही.

मेहकर मागे पडले, दुपार टळटळीत झाली, पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला, आणि ताईने अनारशांचा डबा उघडला. एक अनारसा दातांत धरून दोन्ही हात पुनश्च चक्रावर ठेवण्यासाठी जावईबापूंनी वेग नव्वदपर्यंत उतरविला, आणि नेमक्या त्याच क्षणी, जणू याच सवलतीची वाट पाहत असल्याप्रमाणे, मागच्या बाजूस डावीकडे असा बार झाला की माझ्या मांडीवरील डबा ताईच्या मांडीवर गेला. गाडीचे बूड एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे झुलले. अशा वेळी ब्रेकवर उभे राहू नये, चक्र घट्ट व सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा, हा जाणत्यांचा दंडक आहे. जावईबापूंच्या पायाने भीतीने जागीच थिजून तो तंतोतंत पाळला. तोंडात अनारसा असल्यामुळे त्यांना ओरडताही आले नाही. गाडी कडेच्या पट्ट्यावर जाऊन थांबली.

अण्णांनी प्रथम सर्वांना लोखंडी कठड्यापलीकडे नेऊन बसविले, मागे बऱ्याच अंतरावर तांबडा त्रिकोण उभा केला, आणि मग खिशातून वही काढून, चेहऱ्यावर पूर्वीचे कचेरीतील तेज आणून म्हणाले, “आता पंचनामा!”

टायर पाहण्यासारखे होते. माथ्याची नक्षी पुष्कळशी शाबूत असून बाजूची भिंत मात्र वर्तुळाकार फाटली होती, आणि फाटलेल्या काठातून दोऱ्यांचे तंतू लोंबत होते. अण्णा चष्मा पुसून खाली वाकले व एकेक कलम मोठ्याने वाचत लिहू लागले. “कलम एक. टायरवर ‘२३१८’ असे आकडे. म्हणजे जन्म सन २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला.”

“जुनी गाडी घेतली तेव्हाचेच टायर आहेत,” जावईबापू म्हणाले. “पण नक्षी पाहा ना, अण्णामामा!”

“नक्षी नवी असली म्हणून वय लपत नाही. पाच-सहा वर्षांनी रबर आतून वाळते. कलम दोन. दाराच्या चौकटीवरील तक्त्यात हवा तेहेतीस, भरती सव्वीस. कमी हवेचे टायर प्रत्येक फेऱ्यात कुशीत दबते आणि पुन्हा सरळ होते; १४० च्या वेगाला असे मिनिटास सुमारे बाराशे वेळा. त्या कसरतीने ते तापते, आणि तापता तापता रबराचा दोऱ्यांशी असलेला संबंध सुटतो. उन्हाळ्यात हवा काढणारा मनुष्य टायर थंड करीत नाही, शिजवितो.”

जावईबापू इरेस पेटले. टायरवरील ‘८८ एच’ या अक्षरांवर बोट ठेवून ते म्हणाले, “एच म्हणजे ताशी २१० पर्यंत परवानगी! मी तर १४० वरच होतो.”

“परवानगी मंजूर आहे, परंतु सशर्त,” अण्णा शांतपणे म्हणाले. “८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, तेही पुरत्या हवेवर. शर्तभंग झाला की मंजुरी रद्द. कलम तीन, भार.” येथे ताईने घागरीकडे पाठ फिरविली. “कलम चार. फाटलेल्या जागेशेजारी जुना फुगा.”

“तो गेल्या पावसाळ्यातला,” भाची एकाएकी बोलली. “द्वारका चौकाअलीकडे खड्ड्यात गाडी आदळली होती. मी म्हटलं होतं, अहो, हळू. मग फुगा आला, तेव्हाही म्हटलं होतं, अहो, दाखवून घ्या.” पत्नीची जबानी पूर्ण झाली, आणि तिची उलटतपासणी घेण्याची हिंमत जावईबापूंना झाली नाही.

स्टेपनी काढण्यासाठी पोते, डाळ, डबे व घागर महामार्गाच्या कडेला मांडावी लागली. स्टेपनी निघाली ती मऊ. इतक्यात सत्तर-पंचाहत्तरच्या चालीने येणारा एक मालट्रक वेग कमी करीत आमच्यापुढे येऊन थांबला, आणि त्यातून उतरलेल्या गृहस्थाने जावईबापूंना आपादमस्तक न्याहाळून विचारले, “साहेब, ते मघाचे तुम्हीच ना?”

जावईबापूंनी नजर घागरीवर स्थिर केली. ट्रकवाल्याने पुढे काही न बोलता आपल्या ब्रेकच्या हवेच्या टाकीला नळी जोडून स्टेपनी भरून दिली, नट आवळले, आणि फाटक्या टायरावरून तळहात फिरवून म्हणाला, “हे आज नाही फुटलं, साहेब. फुटायला घेतलं होतं केव्हाच. आज फक्त आवाज आला.”

अण्णांनी हे वाक्य शब्दशः उतरवून त्याखाली हिशेब मांडला: नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, १२० च्या वेगाने चार तास वीस मिनिटे, १४० ने तीन तास त्रेचाळीस, तस्मात संपूर्ण शर्यत बिनविघ्न पार पडती तरी नफा सदतीस मिनिटे. खोळंबा आताच दीड तासाचा झाला होता.

राहिला आरोपीचा रकाना. ताईने भावाच्या खांद्यावरून वहीत डोकावून दबक्या आवाजात बजावले, “अण्णा, अधिक महिना आहे. जावयाचं नाव लिहू नकोस हो.” अण्णा बराच वेळ लेखणी दातांत धरून बसले. कायदा आणि धोंड्याचा महिना या दोहोंची बूज राखणे हे काम सोपे नव्हते. परंतु तीस वर्षांची नोकरी फुकट जात नसते. अखेर त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले: “आरोपी: हवा. घटना घडताच जागेवरून फरारी. सबब जबाब घेता आला नाही.” पंच म्हणून ट्रकवाल्याने सही केली, आणि जावईबापूंनी तीखाली स्वतःची सही अशा उत्साहाने ठोकली, की जणू फरारी इसमास पकडून आणण्याचे वॉरंट त्यांच्याच हाती दिले आहे.