बॉनेटखालचं महाबळेश्वर

मे महिन्यात थंड हवा खायला नगरकर भंडारदऱ्याला जातात. आता ती गाडीलाही हवीशी झाली आहे. फिल्टरचा मूळ डबा काढायचा, चकचकीत पाइप आणि शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर बसवायचा, की झालं कोल्ड एअर इनटेक.

शास्त्र खोटं नाही. हवा 10 अंशांनी गार झाली की साधारण 3 टक्के दाट होते. प्राणवायू जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. पण हा शंकू बसतो कुठे? बहुतेकदा रेडिएटरच्या मागे, उघडाबोडका, इंजिनाच्या वाफा घेत. कंपनीचा कुरूप काळा डबा बिचारा निदान बाहेरची हवा तरी ओढत होता. बाहेरची म्हणजे अर्थात नगरची: उन्हाळ्यात 40 अंश, वर मनमाड रस्त्याचा फुफाटा.

याच शहरात लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ आहे, 1994 पासून रणगाडा संग्रहालयही आहे. रणगाड्याला हवा पाजण्याआधी धूळ गाळावी लागते, हे तिथल्या लोकांना ठाऊक. शंकू बसवणाऱ्या आमच्या पठ्ठ्याला ‘घूंऽऽ’ ऐकू आलं की वीसेक अश्वशक्ती वाढल्याचा साक्षात्कार होतो. ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी चढवून खात्री करायचं मात्र तो टाळतो. आरसीतल्या नोंदींशी न जुळणारे बदल रोखणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं, तर म्हणतो, “आरसीत हवेचा रकाना दाखवा!”

हंगामात हीच वाढीव ताकद उसाच्या डबल ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रॅक्टरवरची गाणी ऐकत चालते.