प्रेक्षक कमी पडतात

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं स्वतःचं एक पंचांग असतं. त्यात तिथी-नक्षत्रांऐवजी जयंत्या, पुण्यतिथ्या, दिन, सप्ताह आणि पंधरवडे असतात. जूनमध्ये प्रवेशोत्सवाने त्याचा आरंभ होतो. नवागतांना फूल, फुगा, नवी कोरी पुस्तकं आणि सजवलेल्या बैलगाडीतून, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक. ही मिरवणूक कुठे नेतेय हे कळेपर्यंत पोर शाळेच्या दारात पोचलेलं असतं. मग आई घराकडे वळलेली दिसते आणि जो भोंगा लागतो, त्यापुढे हलगीवाला थांबतो.

पंचांगाचा रोजचा भाग म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेष. दिनविशेष ऐकून ऐकून मुलांची अशी समजूत होते, की थोर माणसं शाळा चालू असतानाच जन्माला येतात. त्यात तथ्यही आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जन्मलेल्यांचं थोडं नुकसानच होतं. रवींद्रनाथांचं राष्ट्रगीत रोज सकाळी म्हटलं जातं, पण त्यांची जयंती 7 मे! त्या दिवशी शाळेला कुलूप असतं आणि मुलं आंब्याच्या झाडावर असतात. जानेवारीत मात्र गर्दी होते. 3 तारखेला सावित्रीबाई, 12 तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी.

आमच्या गावची शाळा द्विशिक्षकी आहे. एक सर, एक बाई आणि पट 19. पहिलीत सहा, दुसरीत पाच, चौथीत सात आणि तिसरीत एकच मुलगी. ती वर्गात कायम पहिली येते आणि शेवटचीही तीच असते. या 19 जणांवर अख्ख्या पंचांगाचा भार आहे.

1 ऑगस्टचंच घ्या. लोकमान्य टिळक गेले 1 ऑगस्ट 1920 रोजी आणि अण्णा भाऊ साठे जन्मले त्याच दिवशी. पुण्यतिथी आणि जयंती एकत्र, म्हणजे वेशभूषा दुप्पट. चौथीतला एकच मुलगा न अडखळता बोलतो, म्हणून तो आधी पगडी घालून स्वराज्याचा हक्क सांगतो, मग वर्गाच्या दाराआड जाऊन पगडी उतरवतो आणि पाच मिनिटांत अण्णा भाऊ होऊन, हातात डफ घेऊन परत येतो. मिशी तीच राहते. मध्यंतरी टिळकांच्या शेंगांची गोष्ट दुसरीतलं कुणीतरी सांगतंच. तिचा परिणामही लगेच दिसतो. खाऊ वाटून झाल्यावर बाईंनी चिक्कीचे कागद उचलायला सांगितले, तर एक जण छाती काढून म्हणाला, "मी चिक्की खाल्ली नाही, मी कागद उचलणार नाही." बाई म्हणाल्या, "टिळकांच्या ओठाला गूळ लागलेला नव्हता, बाळा."

आषाढीच्या दिंडीत विठ्ठलाची निवड हा नाजूक विषय असतो. सगळ्यांना विठ्ठल व्हायचं असतं, ते पहिली दहा मिनिटं. पुढे कळतं, की कमरेवरचे हात काढायचे नाहीत म्हणजे नाकावर बसलेली माशीही हाकलता येत नाही. शेजारची रखुमाई मग आपल्या पदराने देवाचा घाम पुसते, आणि युगानुयुगं रुसून बसलेल्या रखुमाईचा रुसवा आमच्या मारुतीच्या पारापाशी मिटतो. डोक्यावर तुळस घेणारीला वृंदावनाचं वजन पेलत नाही म्हणून डालड्याच्या जुन्या डब्यातली तुळस चालते. टाळ चार आणि वारकरी बारा, त्यामुळे टाळ पाळीपाळीने वाजतात. नवरात्रात भोंडल्याचा फेर पुरा व्हावा म्हणून मुलांनाही ओढून घेतात. गाणी म्हणताना ते लाजतात, पण खिरापत ओळखायची वेळ आली की त्यांच्याइतकं तिखट नाक कुणाचं नसतं.

सगळ्यांत रंगतो तो आनंदबाजार. मुलांनी घरून भाजी, भेळ, लिंबूसरबत, उकडलेल्या शेंगा आणायच्या आणि विकायच्या. हेतू असा, की नफा-तोटा पुस्तकाबाहेर कळावा. पण 19 जण विकायला बसले की विकत घ्यायला कोण उरतं? मग विक्रेतेच एकमेकांचे गिऱ्हाईक होतात, आणि तासाभरात सरबताचे पैसे भेळेला, भेळेचे शेंगांना आणि शेंगांचे पुन्हा सरबताला जाऊन पोचतात. अर्थशास्त्र शिकवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. शेवटी गाव मदतीला येतं. एका आजीने नातवाकडची दहाची कोथिंबिरीची जुडी पाचला मागितली. नातू म्हणाला, "आजी, पाचला परवडत नाही." आजी म्हणाली, "मेल्या, पेरली कुणी? पाणी पाजलं कुणी?" नातवाने क्षणभर विचार करून आठला दिली. त्या आठांतून नफा किती, हे गणित बाईंनाही सुटलं नाही.

हे सगळं होत असताना सरांचा एक हात मोबाइलवर असतो. कार्यक्रम झाला याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे फोटो. फलक दिसला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, मुलं दिसली पाहिजेत. फोटो केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर जातो, मग लिंक भरायची, मग अहवाल. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, म्हणून प्रत्येक जयंतीला सर एकदा टाकीवर चढतात.

मलाही अधूनमधून प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं येतं. इस्त्रीचे कपडे आणि दुपारचा मोकळा वेळ एवढीच पात्रता. तिथे खुर्चीवर बसलं, की एक गोष्ट ध्यानात येते. समोर प्रेक्षक जवळजवळ नसतातच. जो आता टाळ्या वाजवतोय, त्याला पुढच्या मिनिटाला भाषण करायचंय. जिने आत्ता भाषण केलं, ती पाणी वाटायला गेलीय. मोठ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात भाड्याचे झगमगीत पोशाख असतात, स्मोक मशीन असतं आणि मागच्या ओळीत डावीकडून सातवं आपलं पोर असतं, असं आईबाप एकमेकांना दाखवतात. आमच्याकडे मागची ओळच नाही. बुजरं पोरही वर्षातून चार-पाच वेळा पुढे ढकललं जातं. पाठ केलेलं विसरलं तर कुंपणापलीकडून आजी उरलेलं वाक्य मोठ्याने सांगते. भाषण तिचंही पाठ झालेलं असतं.

लहान शाळेचं नुसतं कौतुक करण्यात अर्थ नाही. तिसरीतल्या त्या मुलीला भांडायलाही बरोबरीची मैत्रीण नाही. खो-खोचा संघ काढला तर समोर खेळायला संघ उरत नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग आणि वर कागदपत्रं सांभाळायची. 2023 मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा त्यामागे अशी कारणं होतीच. तेव्हापासून आमच्या गावात कुणाच्या घरी पाळणा हलला की सर पेढ्याआधी जन्मतारीख विचारतात.

या पंचांगातला मला सगळ्यांत आवडणारा दिवस 7 नोव्हेंबर. 1900 साली या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव पटावर चढलं. 2017 पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस. बाकीचे दिवस कुणाच्या जन्माचे, कुणाच्या मृत्यूचे. इथे मात्र एक नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जातो, एवढीच घटना साजरी होते. त्या मुलाला पुढे वर्गात वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं. नाव पटावर असलं म्हणजे वर्गात जागा मिळतेच असं नाही, हे त्या दिवशी मोठ्यांनी आठवायचं असतं. पट मोजताना आपण नावं मोजतो. जागा मोजली, तर आमच्या शाळेत 19 जणांना 19 जागा आहेत, आणि एक जण गैरहजर राहिला तर दिंडीतला विठ्ठलच नसतो.

5 सप्टेंबरला मात्र हिशोब हमखास बिघडतो. शिक्षकदिनी चौथीची सातही मुलं शिक्षक होतात. त्यातून एक मुख्याध्यापक, एक केंद्रप्रमुख, आणि एक जण फक्त घंटा वाजवतो, कारण त्याला तेच पद मोठं वाटतं. तिसरीवालीही उठते, तिच्या वर्गाला शिकवायला तिच्याशिवाय कोण? उरतात पहिली-दुसरीचे अकरा. एवढ्या शिक्षकांना हे विद्यार्थी पुरणार कसे, म्हणून सर आणि बाई सतरंजीवर जाऊन बसतात. सरांना गृहपाठ विचारला जातो, बाईंना बोलल्याबद्दल उभं केलं जातं, हजेरी होते आणि शाळेचा पट दोनाने वाढतो. 21! वीसच्या वर! फक्त तो सरकारी पोर्टलवर भरता येत नाही. सरांनी टाकीवर चढून पाहिलंय.