विसरण्याचा रोजमेळ

निवृत्त बँक कॅशियरला मोजायला नोटा उरल्या नाहीत की तो स्वतःचं विसरणं मोजू लागतो. आमच्या सोसायटीतले अण्णा त्याच पंथाचे. त्यांच्या डायरीत रोजच्या नोंदी असतात. 'सकाळी ७.१०. स्वयंपाकघरात गेलो. कशाला, ते आठवेना. पाणी पिऊन परत.' 'कुलूप लावलं का पाहायला जिना चढून आलो. लावलं होतं.' गंमत म्हणजे मार्चमध्ये काय काय विसरलो होतो, हे अण्णा दिवाळीत वही न उघडता सांगतात.

कट्ट्यावर तर ही साथच आहे. 'सिंहासन'मधला तो पत्रकार कोण हो, असं परवा कोणीतरी विचारलं आणि सगळेच गप्प. नाव ओठांवर, बाहेर येईना. पत्रकार राहिला बाजूला, जो तो मनातल्या मनात अल्झायमर म्हणू लागला. रात्री साडेअकराला मला अण्णांचा फोन. "निळू फुले!" एवढं म्हणून ठेवलासुद्धा.

१९७१ मध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. पण त्याचाही त्यांना धसकाच. "जुनं आठवतं आणि नवं विसरतं, हेच तर लक्षण!" मग भिजवलेले बदाम, शब्दकोडी, ब्राह्मी. ब्राह्मी घ्यायची राहिली की त्याचीही नोंद.

शेवटी काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. शंभरातून सात-सात वजा करत जा, असं सांगितलं. डॉक्टरांना पाच वजाबाक्या पुरतात. अण्णा दोनवर येऊनच थांबले. घड्याळाचं चित्र काढताना सेकंदकाटाही काढला. तीसपैकी तीस. मग डॉक्टरांनी काकूंना विचारलं. ही मंडळी हुशार. खरा विसर पडू लागला की तक्रार बहुधा घरचेच घेऊन येतात, हे त्यांना ठाऊक असतं.

"विसरायला आधी ऐकावं लागतं हो," काकू म्हणाल्या. "दळण आणा म्हटलं की हे 'हो' म्हणतात आणि पेपरचं पान उलटतात."

डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितलं आणि कानही. बी-१२ ठीक निघालं. उजवा कान मात्र निम्म्यावर आलेला.

"चार वर्षं हेच सांगतेय मी!" काकू त्यांच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाल्या.

अण्णांनी डायरी उघडली आणि पेन तसंच हातात धरून बसले. "चार वर्षं? मग आता हे विसरण्यात धरायचं की नाही?"