नाकाची किंमत

नाक श्वास घेण्यासाठी असतं, हा डॉक्टरांचा समज. आमच्या आत्याच्या मते ते कापलं जाण्यासाठी असतं. लग्नसराईत तर रोज. मानपानाची साडी हलकी निघाली, पंगतीत मठ्ठा संपला, भाचा व्याह्यांसमोर बनियनवर आला, की "नाक कापलंस मेल्या!" लगेच तेच नाक मुरडून ती विहीणबाईंच्या नथीकडे बघणार आणि नाकापेक्षा मोती जड असल्याचं मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात सांगणार. नाकाने कांदे कसे सोलतात, हे मात्र मला अजून कोणी करून दाखवलेलं नाही. सोलणाऱ्यांची आमच्या सोसायटीत वाण नाही, तरीही.

इतका अब्रूचा कारभार सांभाळणाऱ्या नाकाकडे नाक म्हणून कोण बघतो? माझ्या नाकाचं हाड वाढलंय, असं वाटून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "वाढलेलं नाही, वाकडं आहे." बायको सोबत होती. "तरीच! हा मुलगा नाकासमोर चालणारा आहे, असं बघून बाबांनी मला दिली होती."

रामायणात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक खरंखुरं कापलं. रावणाचं नुसतं अर्थाने. लंका जळली ती या दुसऱ्या नाकापायी. तिचे कानही गेले होते, पण कानांवर घराण्याची अब्रू नसते, त्यामुळे त्यांचं कोणाला काही नाही. नाशिककर तर गावाचं नावच त्या नाकावरून पडल्याचं सांगतात, तेही नाक वर करून.

गोगोलने 1836 साली छापलेल्या कथेत कोवाल्योव्ह नावाच्या अधिकाऱ्याचं नाक एका सकाळी चेहऱ्यावरून गायब होतं. भेटतं तेव्हा ते गणवेशात असतं, हुद्द्याने मालकापेक्षा वरचं. मालक बिचारा त्याच्याशी अदबीने बोलतो. समीक्षकांनी यावर पुष्कळ लिहिलंय. आत्याला गोष्ट सांगितली, तर तिने एकच विचारलं, "लग्नाचं काही चाललं होतं का त्याचं?" चाललं होतं! एक बाई आपली मुलगी त्याच्या गळ्यात बांधू पाहत होती, आणि नाक गेल्यावर त्याला संशय तिचाच येतो.

पण खऱ्या नाकाची खरी गोष्ट आपल्या पुण्याकडची. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या कारागिराने त्याला नाक करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने 1794 च्या ऑक्टोबरात ही हकिकत छापली, ती वाचून कारप्यू नावाच्या सर्जनने 1814 साली तिकडे तसंच नाक बसवलं. मला कौतुक त्या कारागिराच्या सामानाचं. आधी मेणाचं नाक करायचं, ते कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची, आणि वरून काताच्या पट्ट्या. पानातला कात, तोच! कातडी कपाळाचीच का, याचं वैद्यकीय कारण आहे. दोन भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, की तिच्यातून रक्त मिळत राहतं. पण सटवी जिथे लिहिते ती जागा हीच. म्हणजे तिने लिहिलेल्या मजकुरातला मधलाच परिच्छेद कापून कावसजीच्या नाकावर उलटा चिकटवला होता. पुढे त्याचं काय झालं असेल ते वाचायला सटवीलाच मान वाकडी करावी लागली असणार.