केसपेपर नसलेला आरोपी

विशीतल्या पोराने घरातल्याच माणसाचा जीव घेतला की दोन आवाज लगेच उठतात. एक म्हणतो, वेडाचं सोंग घेतोय, लटकवा. दुसरा म्हणतो, आजारी आहे, सोडा. कायदा दोघांचंही ऐकत नाही.

तो फार अरुंद प्रश्न विचारतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ८४, एवढंच पाहतं: त्या क्षणी मन इतकं बिघडलं होतं का, की आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे त्याला कळणंच शक्य नव्हतं? नुसतं स्किझोफ्रेनियाचं निदान पुरत नाही. कळत असेल तर शिक्षा. हे मला मान्य आहे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही न्याय हवाच.

मान्य नाही ते पुढचं. मन बिघडलं होतं हे सिद्ध कुणी करायचं? आरोपीने. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात हा भार थोडा हलका केला. पारडं आरोपीकडे झुकलं तरी पुरे. पण पारड्यात टाकायला काहीतरी लागतं. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. भांडणाचं कारण किरकोळ: त्याला नोकरी सोडायची होती, तिचा विरोध होता. दिवसाढवळ्या मारलं, पळाला नाही. आणि मुख्य म्हणजे १९९४ च्या त्या घटनेआधी दोन वर्षं त्याच्यावर उपचार चालू होते, त्याची नोंद होती.

ज्याला घरच्यांनी देवऋषाकडे नेलं, अंगारा लावला, ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ म्हणत मुली पाहिल्या, त्याचं काय? त्याच्याकडे केसपेपरच नाही. औषधाचा थेंब न मिळालेला तो पोरगा जास्त आजारी, आणि कोर्टात त्याचीच बाजू सर्वांत लंगडी. (कागद असला की सुटका होतेच असंही नाही. २०१२ मध्ये स्वारगेटहून एसटी पळवून नऊ जणांचे बळी घेणाऱ्या चालकाचा मनोविकाराचा बचाव टिकला नाही; फाशीची जन्मठेप मात्र २०१९ मध्ये झाली.)

स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. बहुतेक रुग्ण कुणाला बोटही लावत नाहीत, उलट मार तेच खातात. पण जी मोजकी भयंकर प्रकरणं घडतात, त्यांत सर्वांत धोक्याचा काळ असतो तो पहिल्या झटक्याचा, गोळ्या सुरू होण्याआधीचा. नेमका तोच काळ आपण वाया घालवतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना आढळले. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीत. सगळं जग आपल्या जिवावर उठलंय असं ज्याला वाटतं, त्या पोराला किनवटच्या आईने एसटीत बसवून नागपूरला न्यायचं तरी कसं?

म्हणून ती पोलीस ठाण्यात जाते. ‘साहेब, पोरगा रात्रभर कोयता घेऊन बसतो.’

‘अजून काही केलं नाही ना? मग गुन्हा काय नोंदवू?’

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० या साहेबांसाठीच आहे. मानसिक आजारामुळे एखाद्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं मानायला कारण असेल, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रभारीचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पोचवायचं, कोठडीत डांबायचं नाही. गुन्हा घडायची वाट पाहा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा अशा खुनाचं दोषारोपपत्र दाखल होईल, त्याबरोबर त्या ठाण्याची मागच्या वर्षभराची स्टेशन डायरीही न्यायाधीशांनी मागवावी. आई कधी आली होती, तिला काय सांगून परत पाठवलं, आणि पाठवणारा अधिकारी कोण, याचं उत्तर त्याच्याकडून शपथेवर घ्यावं.