जरा दमानं घ्या

भारतीय जनता पक्षावर टीका करणं हल्ली फारच सोपं झालंय. कुणीही उठतो, 'वॉशिंग मशीन' म्हणतो आणि चहा प्यायला निघून जातो. पुढचं ऐकून घ्यायची तयारी नसते. म्हणून या पक्षाचं वकीलपत्र आज आम्ही घेतोय, तेही फी न घेता. पक्षाकडे वकिलांची वानवा आहे असं नाही. पण त्यातले काहीजण कालपरवापर्यंत समोरच्या बाजूनं बोलत होते, त्यामुळे बोलता बोलता त्यांच्या तोंडून जुनेच मुद्दे निघतात.

आधी ते मशीनचंच घेऊ, म्हणजे या पक्षात आलं की जुने डाग धुऊन निघतात, या आरोपाचं. मशीनमध्ये कपडा भिजतो, घुसळला जातो, पिळला जातो, मग वाळायला दोरीवर लटकतो. इथे असा छळ कुणाचा झालाय, सांगा. अशोक चव्हाणांनी १२ फेब्रुवारी २०२४ला काँग्रेस सोडली, १३ला ते भाजपमध्ये आले आणि १४ला त्यांना राज्यसभेची उमेदवारी मिळाली. एवढ्या वेळात साधा हातरुमाल वाळत नाही. आदल्याच आठवड्यात केंद्र सरकारनं संसदेत श्वेतपत्रिका मांडली होती आणि यूपीए काळातल्या घोटाळ्यांच्या यादीत चव्हाणांवर आरोप असलेल्या 'आदर्श' सोसायटीचं नाव होतं, यावरून लोक आरडाओरडा करतात. आरोप चव्हाणसाहेबांना कधीच मान्य नव्हते. आता पक्षालाही नाहीत. म्हणजे मतभेद मिटला! लोकशाहीत याहून वेगळं काय हवं असतं?

पक्षप्रवेशानंतर बोलताना चव्हाणसाहेबांनी मुंबई भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष आशिष शेलार यांचा उल्लेख 'मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष' असा केला. सगळे खो खो हसले. लोकांना ती चूक वाटली. आम्हाला ती अगदी अचूक वाटली. 'काँग्रेसमुक्त भारत' ही घोषणा दिली तेव्हा कुणी विचार केला होता का, की मुक्त झालेल्या काँग्रेसवाल्यांनी जायचं कुठं? त्यांना काय अरबी समुद्रात ढकलायचं? कुणीतरी त्यांची सोय लावायलाच हवी होती. पक्षानं ती लावली, आणि तीही बिनव्याजी.

आता सिंचन. विरोधी बाकांवर असताना भाजपच्या नेत्यांनी सिंचन घोटाळ्याचे पुरावे चक्क बैलगाडीतून चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे नेले होते. पुढे २७ जून २०२३ला पंतप्रधानांनी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादीच्या नावापुढे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आकडा लावला आणि २ जुलैला राजभवनावर त्याच राष्ट्रवादीच्या नऊजणांनी भाजपच्या भागीदारीतल्या सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतली. 'पाच दिवसांत असं काय बदललं?' असं टीकाकार विचारतात. अहो, सरकारी काम अन् सहा महिने थांब ही आपली रीत. तिथे पाच दिवसांत प्रकरण मार्गी लागलं, याचं कौतुक नको? त्या बैलगाडीचं पुढे काय झालं, ते आम्हाला ठाऊक नाही. बैल मात्र निष्ठावंतांचे असावेत. जू अजून त्यांच्याच मानेवर आहे.

निष्ठावंतांवर अन्याय होतो, ही दुसरी बोंब. कुठल्याही पक्षप्रवेशाच्या मंडपात जाऊन बघा. सकाळी सातला सतरंज्या अंथरतो तो निष्ठावंत. पाहुणे तीन तास उशिरा येतात तोवर 'हॅलो माइक टेस्टिंग' करत बसतो तोही निष्ठावंत. पाहुण्यांच्या गळ्यात घालायचं उपरणं घडी मोडून, झटकून पुढे करतो तोही तोच. गेल्या निवडणुकीत याच पाहुण्यांच्या माणसांनी त्याचं डोकं फोडलेलं असतं, त्यामुळे ओळख करून द्यायचीही गरज पडत नाही. आणि सगळं पांगल्यावर सतरंज्या गुंडाळायला मागे उरतो, तो कोण? इतकी कामं एका माणसाला देणारा पक्ष त्याला विसरला, असं कसं म्हणता?

तपास यंत्रणांचं म्हणाल, तर 'इंडियन एक्स्प्रेस'नं एप्रिल २०२४मध्ये हिशेब मांडला होता. चौकशीच्या फेऱ्यात असलेले २५ विरोधी नेते २०१४पासून भाजपकडे आले आणि त्यातल्या २३ जणांना दिलासा मिळाला. टीकाच करायची तर मग नीट करा. उरलेल्या दोघांचं काय घोडं अडलं होतं? या दिरंगाईबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

शिवाय साक्षीदार आहेच. काँग्रेसचे हर्षवर्धन पाटील २०१९मध्ये भाजपमध्ये आले आणि दोन वर्षांनी एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी सांगून टाकलं की इकडे आल्यापासून चौकशी नाही, शांत झोप लागते. जनतेच्या आरोग्याची काळजी वाहिल्याचा एवढा रोकडा दाखला दुसऱ्या कुठल्या पक्षाकडे नाही. २०२४मध्ये ते शरद पवारांकडे गेले. तिथल्या झोपेची चौकशी करणं बरं दिसत नाही.

रेवडीबद्दल दोन शब्द पुरेत. पंतप्रधानांनी जुलै २०२२मध्ये जालौनला फुकट वाटपाच्या 'रेवडी संस्कृती'पासून सावध राहायला सांगितलं आणि दोन वर्षांनी इथे लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये सुरू झाले. रेवडी दुसरे वाटतात, आपली ती ओवाळणी. घराणेशाहीचंही तेच. चव्हाणसाहेबांची कन्या श्रीजया भोकरमधून भाजपच्या आमदार झाल्या, तर तो मतदारांनी दिलेला कौल आहे. राहुल गांधींना मतदार देतात, ती मात्र घराणेशाही!

राहता राहिला शेवटचा आरोप, की या पक्षानं विरोधी पक्षच शिल्लक ठेवला नाही. २०२४च्या विधानसभेत २८८पैकी १३२ जागा एकट्या भाजपच्या, आणि विरोधातला सर्वांत मोठा पक्ष, म्हणजे ठाकरेंची शिवसेना, २० वर. एक दशांश, म्हणजे २९ आमदार, विरोधातल्या कुणाकडेच नव्हते, म्हणून निकालानंतर विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. पण खुर्ची रिकामी म्हणजे अनुभव वाया गेला असं नव्हे. नारायण राणे विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, आता भाजपचे खासदार आहेत. राधाकृष्ण विखे पाटील होते, भाजपचे मंत्री झाले. २०१४मध्ये थोडे दिवस एकनाथ शिंदेही होते, त्यांना तर मुख्यमंत्री करून झालं. सरकारला धारेवर कसं धरायचं, याचं राज्यातलं उत्तमातलं उत्तम ज्ञान आज सत्ताधाऱ्यांच्याच पदरी आहे. विरोधकांना गरज असेल, तर त्यातला एखादा अधिवेशनापुरता उसना द्यायला हरकत नसावी. अट एवढीच, की तिकडे असताना सरकारवर केलेले आरोप त्यानं परत येताना तिकडेच ठेवून यायचे. तशी सगळ्यांना आता सवय आहे.